इतर

फॉर्मवर रकाने होते: गाय, म्हैस, शेळी, कोंबडी,
आणि पान संपता संपता, इतर.
सुभानमामूने विचारलं, "घोडा कुठंय यात?"
टेबलामागचा मुलगा म्हणाला, "घोडा शेतीत येत नाही, चाचा."
मामू म्हणाला, "माझा येतो. लिही."

दिवेआगरहून पहाटे तीनला निघालो, चालत.
टेम्पोवाला नको म्हणाला होता,
उद्या त्याच टेम्पोत बर्फ भरायचा होता त्याला.
पुढे अबोली, मागे पेढा, मधे मी आणि मोबाईलचा उजेड.
भरडखोलला टोपल्या उतरवणाऱ्या बाया म्हणाल्या,
"वरात कुणाची गो?"
शेखाडीला कुत्रे मागे लागले.
आरावीला उजाडलं, आणि अबोली भर रस्त्यात थांबून
समुद्राकडे बघत राहिली,
कामावर जायला उशीर होतोय असं.

श्रीवर्धनला शाळेच्या मैदानावर मांडव.
दोरीला टांगलेले सुपारीचे घोस,
सतरा किलोचा कोहळा, त्याला झेंडूचा हार,
नारळाच्या ढिगावर चढून बसलेलं कुणाचं तरी पोर.
मी खुरारा काढला. आयाळीत वाळू,
शेपटीत वाळू, कानांत वाळू.
कितीही झाडा, या दोघांतला किनारा संपत नाही.
मामूने खोबरेल चोळून खूर चमकवले
आणि हाताला उरलेलं आपल्या मिशीला.

आमच्या रांगेत म्हसळ्याची टर्की,
सशांची जोडी, आणि एका मास्तरांच्या मधाच्या पेट्या,
ज्यांच्यापासून आम्हाला लांब उभं केलं.

पाध्येबाई, जनावरांच्या डॉक्टर, परीक्षक.
ओठ वर करून दात पाहिले. "नऊ वर्षं."
मामूने सहा लिहिली होती. गप्प बसला.
फितीने उंची घेतली, छातीवरचा भोवरा बोटाने शोधला,
चारही खूर उचलून जवळून वास घेतला.
"मिठाने भेगा पडतायत. गोड्या पाण्याने धुता?"
"आमच्या आधी त्यांचे पाय," मी म्हणाले.
तेवढं तरी खरं होतं.
"बरं. चाल दाखव."

पेढ्याला एकच चाल येते.
शहाळ्याच्या गाडीपासून मोडक्या होडीपर्यंत
एकशेवीस पावलं, वळायचं,
एकशेवीस परत, थांबायचं.
एक फेरी, पन्नास रुपये, फोटो फुकट.
इथे गोल फिरायचं होतं.
तो अर्ध्यातच आपला आपण वळला,
माझ्या हातातला लगाम नुसता शोभेचा,
आणि सरळ येऊन उभा राहिला
प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीला अंग लावून,
खांदा किंचित खाली: बसा.
पाहुण्यांचा एक पाय उचलला गेलाही होता.
मग तो त्यांनी खाली ठेवला.
सगळं मैदान हसलं. लाऊडस्पीकरसुद्धा.
पाध्येबाई मात्र लिहीत होत्या, बराच वेळ.

पहिली आली टर्की.
पेढ्याला उत्तेजनार्थ: भुशाची गोणी, स्टीलचा डबा
आणि प्रमाणपत्र,
श्री. पेढा सुभान काझी यांनी
उत्कृष्ट उत्पादन सादर केल्याबद्दल.
अबोलीला काहीच नाही.
तिने कोहळ्याचा हार खाल्ला.

परतताना आरावीला सूर्य टेकला होता.
मामूने खोगीर उतरवलं, "घटकाभर मोकळे सोडू."
ओहोटी होती. पेढा ओल्या वाळूवर गेला,
एकदा लोळला, उठला, अंग झाडलं,
आणि दुडकत निघाला, पाठीवर कुणी नाही.
मी सवयीने मोजत होते.
एकशेअठरा, एकशेएकोणीस, एकशेवीस.
एकशेएकवीस.
पावणेदोनशेच्या पुढे नुसता आवाज उरला,
मग तोही लाटेत गेला.

मामू शिव्या देत कोंडविलच्या दिशेने पळाला,
बगलेत प्रमाणपत्र, गुंडाळी केलेलं.
मी भुशाच्या गोणीवर बसले, अबोलीची दोरी धरून.
तिचे कान त्याच बाजूला.
उद्या रविवार होता.
मला खूप वाटत होतं मामूला तो सापडू नये,
आणि डोळे ताणून मी अंधारात
तोच येतोय का बघत होते.